घरच्यांसोबत सेवा करायचीय? आधी डबा भरा, मग बघू

मंडळीत पाळकसाहेब मत्तय 25 वर बोलले की सगळे माना डोलावतात, भुकेल्याला जेवण, आजाऱ्याची भेट वगैरे, आणि घरी येऊन शीतकडी, म्हणजे भात-कालवण, खाऊन झोपतात. आम्ही पण तसेच होतो. आता महिन्यातून एक रविवार उपासना झाली की आम्ही पाच जण म्हापशाहून बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात जातो, तर कसं जमवायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे आपल्याकडे आधीच काय आहे ते बघा. आमच्याकडे मराठी होती. जीएमसीत सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडचे पेशंट खूप येतात, बरोबर आलेली म्हातारी माणसं कागद हातात धरून उभी असतात कारण सगळं इंग्रजीत, आणि त्यांना नुसतं "खंयसून इलात?" विचारलं तरी चेहरा बदलतो. माझा मोठा मुलगा आठवीत आहे, तो फॉर्म वाचून दाखवतो, कुठल्या काउंटरला जायचं ते विचारून येतो. पण योजनांबद्दल अंदाजाने काही सांगायचं नाही हां, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड सिंधुदुर्गातल्या माणसाला लागू नाही, उगाच आशा लावून काय उपयोग, त्यापेक्षा काउंटरपर्यंत सोबत जा.

जेवणाचं. पेशंटला काही देऊ नका, त्याचं पथ्य सिस्टरला माहीत, आपल्याला नाही. द्यायचं ते सोबतच्या नातेवाईकांना, ते पण आधी वॉर्डात किंवा सिक्युरिटीला विचारून. पहिल्या वेळी मी हौसेने ओल्या खोबऱ्याची चटणी केली, सकाळी 6 ला वाटलेली, गोव्याची दमट हवा, दुपारी 1 ला डबा उघडला तर आंबलेली. अख्खं पातेलं फेकलं आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून चपाती, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचं, बस. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते, केळीचं पान घ्या. 20 पाकिटं पुरे, 50 करायला गेलात तर तिसऱ्या महिन्यात बंद पडेल.

कामं वाटताना मुलांना खोटं काम देऊ नका, त्यांना लगेच कळतं. धाकटी पाच वर्षांची आहे, ती पाकिटं मोजते आणि खरंच तिच्यावरच सोडलंय, चुकली तर एक कमी जातं. तिला वॉर्डात नेत नाही, ती आणि आजी बाहेर झाडाखाली बसतात. सासूबाईंना जास्त चालवत नाही पण त्या ऐकून घेण्यात पटाईत, बायका त्यांच्याजवळ येऊन रडतात. ह्यांचं काम रक्तदान, 45 किलोच्या वर वजन आणि 18 ते 65 वय असेल तर पुरुषांना 3 महिन्यांनी, बायकांना 4 महिन्यांनी देता येतं, आणि रक्तपेढीला कायम गरज असते.

प्रार्थना घरून निघताना करायची. तिथे पत्रिका वाटणं, उपदेश हे अजिबात नको, अडलेल्या माणसाला चपाती देऊन ऐकायला लावणं मला तरी बरोबर वाटत नाही. कोणी स्वतःहून म्हटलं "आमच्यासाठी प्रार्थना करा" तर तिथेच हळू आवाजात करा. आणि फोटो नाही. मुलाने एकदा स्टेटसला टाकला होता, मागे एका बाईचा चेहरा दिसत होता, त्यावरून घरात मोठा राडा झाला. मत्तय 6 मधलं उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ते तेव्हा त्याला नीट समजलं. म्हणजे असं मला वाटतं, त्याला विचारलं नाही.

दर महिना जमत नसेल तर निदान नोव्हेंबर बघा. 24 तारखेपासून जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते, 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, बेळगाव-सिंधुदुर्गातून लोक पायी येतात. आम्ही कॅथलिक नाही, पण तहान कुठल्या चर्चची ते कोण विचारतं. रस्त्याकडेला टेबल, लिंबूपाणी, साखरेबरोबर मीठ नक्की घाला. प्लॅस्टिकचे कप नको, स्टीलचे ग्लास, एकजण विसळायला हवा, तेच सगळ्यात कंटाळवाणं काम, ते मोठ्यांनी घ्यावं. आणि ग्लास मोजून न्या, आमचे 40 गेले होते, परत 33 आले.