दसऱ्याला शेण कुजवा, दिवाळीला गांडुळं सोडा

गांडूळखताचा माझा पहिला वाफा एप्रिलात, ताज्या शेणावर लावलेला होता. तिसऱ्या दिवशी बारदाना उचलला तर निम्मी गांडुळं कडेनं पळालेली, मधली मेलेली. ताजं शेण कुजताना आतून तापतं, वर आपल्या मराठवाड्याचा 42 अंशांचा उन्हाळा. गांडुळाला 20 ते 30 अंश मानवतात. म्हणून आता मी दसऱ्याला सुरुवात करतो. तेव्हा सोयाबीनची मळणी उरकलेली असते, भुस्कट फुकटचं असतं.

पहिलं काम शेणाचं. ते सावलीत पसरा, अधूनमधून पाणी शिंपडा, वरखाली करा. 15 ते 20 दिवसांत वाफ निघायची थांबते. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. गार लागलं तरच पुढं जा.

तोवर जागा करा. चिंचेखाली किंवा तुराट्यांचा मांडव घालून, पावसाचं पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर 10 फूट लांब, 3 फूट रुंद वाफा आखा. रुंदी वाढवू नका, मधोमध हात पोचायला हवा. तळाला कापसाच्या बारीक केलेल्या पऱ्हाट्या, त्यावर भुस्कट आणि कुजलेलं शेण असे थर दीड फुटापर्यंत चढवा. तणनाशक मारलेलं गवत अजिबात नको. मीठ-मसाल्याचं उष्टंही नको.

भरलेला वाफा दोन-तीन दिवस पाण्यानं भिजवून गार करा, मग 2 किलो गांडुळं वर नुसती पसरून द्या. साधारण हजार गांडुळांचा एक किलो भरतो. ती आपसूक खाली जातात. अर्ध्या तासानंतरही वरच वळवळत राहिली, तर खाली काहीतरी बिघडलंय असं समजा.

वर ओला बारदाना हवाच. पाण्याचा अंदाज मुठीनं घ्यायचा: मूठभर माल आवळला की एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी सुकली तरी मरतं, वाफ्यात पाणी तुंबलं तरी गुदमरतं. मुंग्यांसाठी भोवती पाण्याची चारी ठेवा. कोंबड्यांना मात्र चारीचा धाक नसतो, त्यांच्यासाठी जाळीच लागते.

दीड-दोन महिन्यांत वरचा थर चहापुडीसारखा दिसतो, शेणाचा वास जातो. चार-पाच दिवस पाणी तोडा, मग उजेडात मालाचे छोटे ढीग लावा. गांडुळं उजेडाला भिऊन तळाशी जातात, वरचं खत हातानं काढता येतं. फावडं घालू नका. तळाची गांडुळं पुढच्या वाफ्याला. होळीपर्यंत असं दोनदा खत निघतं. उन्हाळ्यात मी खताचा हव्यास धरत नाही, दाट सावलीत एक छोटा वाफा गांडुळांच्या बियाण्यापुरता जगवतो.

एकरी 2 टन, मोसंबीच्या मोठ्या झाडाला 5 ते 10 किलो आणि कुंडीत मातीचा चौथा हिस्सा, एवढं पुरतं. खत ओलीवर टाका आणि लगेच मातीआड करा, उन्हात वाळवू नका. यात नत्र (नायट्रोजन) दीड टक्का धरला तर टनाला 15 किलो. युरियाच्या 45 किलोंच्या एका गोणीत जवळपास 21 किलो असतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी युरिया बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. या खताचं खरं मोल वेगळं आहे. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. गांडुळाच्या विष्ठेचे दाणे तिला भुसभुशीत करतात, ओल धरतात. शिवाय चुनखडीच्या रानात अडकून पडणारं स्फुरद (फॉस्फरस) सेंद्रिय खतामुळं मुळांना थोडं सोपं मिळतं.

विकत आणलेली लाल गांडुळं मात्र रानात सोडू नका. ती शेण-पाचोळ्यात राहणारी, काळ्या मातीत टिकत नाहीत. रानातलं गांडूळ निराळं. ते उन्हाळ्यात खोल जाऊन गुंडाळी करून पडतं आणि पावसाळ्यात बिळं पाडतं. त्याच बिळांतून पाणी खाली मुरतं. ते विकत आणावं लागत नाही. ज्वारीची धसकटं जाळू नका, पिकाच्या ओळींत पाचट पसरा, नांगरट कमी करा. जुलैत सकाळी बांधाच्या कडेला मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागले, की ते परतलेत.