कंडेन्स्ड मॅटर थिअरीत संशोधन करायचे असेल तर

पुण्यातल्या महाविद्यालयांतून बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलेले विद्यार्थी ‘थिअरी करायची आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कृष्णविवर असते, तांब्याची तार नसते. ज्यांना तार, चुंबक किंवा अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) यांतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वर्तनाचे, म्हणजेच कंडेन्स्ड मॅटर थिअरीचे, कोडे खरोखर पडते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रवेशाचा भाग सोपा नसला तरी सरळ आहे. बी.एस्सी.नंतर गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एम.एस्सी. करून नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी पीएच.डी. प्रवेशासाठीची एखादी परीक्षा देता येते. पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएच.डी.चाही मार्ग आहे. मुलाखतीत मात्र परीक्षेतील गुणांपेक्षा तुम्ही फळ्यापाशी उभे राहून काय करता, याकडे अधिक लक्ष असते, आणि तेथे पाठ केलेली सूत्रे फार काळ साथ देत नाहीत.

म्हणून तयारीची सुरुवात लहानात लहान प्रश्नापासून करावी. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचे सर्वांत साधे चित्र मांडणारे 1963 सालचे हबर्ड मॉडेल घ्या आणि त्यात फक्त दोन अणू व दोन इलेक्ट्रॉन ठेवा. एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारण्याची ऊर्जा टी आणि एकाच अणूवर दोघे आले तर मोजावी लागणारी किंमत यू. एकूण अवस्था सहा. त्यांपैकी एका इलेक्ट्रॉनाचा स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकीय गुण) वर व दुसऱ्याचा खाली अशा चार अवस्थांचे मॅट्रिक्स वहीत हाताने मांडावे. यू शून्य केल्यावर सर्वांत खालची ऊर्जा उणे दोन टी यायलाच हवी, आणि यू फार मोठा केल्यावर सिंगलेट अवस्था (दोन स्पिन एकमेकांना रद्द करतात ती) ट्रिपलेटपेक्षा (स्पिन एकमेकांना साथ देतात तिच्यापेक्षा) सुमारे चार टी-वर्ग भागिले यू इतकी खाली सरकायला हवी. शेजारचे स्पिन उलटसुलट लावणाऱ्या प्रतिलोहचुंबकत्वाकडे नेणारी ही अन्योन्यक्रिया कोठून येते, हे अर्ध्या पानात डोळ्यांसमोर दिसते. मी विद्यार्थी असताना फर्मिऑनांची (इलेक्ट्रॉनांसारख्या कणांची) अदलाबदल करताना येणारे ऋण चिन्ह विसरलो; त्यामुळे ट्रिपलेट खाली आली, आणि निसर्गात नसलेल्या या लोहचुंबकाचे स्पष्टीकरण शोधण्यात मी तीन आठवडे घालवले. यू शून्य किंवा फार मोठा अशा टोकाच्या मर्यादांत उत्तर तपासून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली.

त्यानंतर संगणकाकडे वळावे. अणूंची संख्या सोळा केली आणि आठ इलेक्ट्रॉनांचे स्पिन वर, आठांचे खाली ठेवले, तर अवस्थांची संख्या 16 कोटी 56 लाखांवर जाते, आणि एक अवस्था साठवायलाच सव्वा गिगाबाइटहून अधिक स्मृती लागते. वीस अणूंना हाच आकडा सुमारे 3,413 कोटी होतो. आयसरमध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने उभारलेला परम ब्रह्मा महासंगणक असला, तरी ही वाढ कोणत्याही यंत्राला पुरून उरते. म्हणून सममिती ओळखणे आणि योग्य अंदाजपद्धती निवडणे ही कामे सिद्धांतकाराच्याच वाट्याला येतात. स्वतः लिहिलेला प्रोग्राम आधी दोन अणूंवर चालवून वहीतल्या उत्तराशी ताडून पाहावा. मोठ्या पॅकेजवर थेट उडी घेणाऱ्यांचे आलेख देखणे असतात, पण ते बरोबर आहेत की नाहीत हे त्यांना सांगता येत नाही.

गाइड निवडताना केवळ शोधनिबंधांची संख्या पाहू नये. त्यांच्याकडचे जुने विद्यार्थी आज काय करतात आणि त्यांना स्वतःचा प्रश्न निवडण्याची मुभा होती का, हे त्या विद्यार्थ्यांनाच चहा पीत विचारावे. प्रयोग करणाऱ्यांशीही ओळख ठेवावी, कारण आपल्या क्षेत्रातले मोठे धक्के पुष्कळदा प्रयोगशाळेतून आले आहेत. 1986 साली बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडात अतिवाहकता सापडली, आणि तिच्या सिद्धांताविषयी आजही एकमत नाही. कागद-पेन्सिलीला मात्र कमी लेखू नये. 1979 साली भारतीय भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांनी अँडरसन, अब्राहम्स व लिचार्डेलो यांच्यासह असा युक्तिवाद मांडला की, इलेक्ट्रॉनांची परस्परक्रिया वगळली तर द्विमितीय पदार्थात अणूंच्या रचनेतली थोडीशीही अव्यवस्था इलेक्ट्रॉनांना अखेर जागीच अडकवते. तो मूळ निबंध चारच पानांचा आहे, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी तो ओळ न ओळ सोडवून वाचावा.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर बहुधा दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या), त्याही अनेकदा परदेशात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण तिशी उलटल्यावरही ‘कायमची नोकरी कधी?’ हा प्रश्न लग्नकार्यात हमखास येतो. या विषयात लेखकांची नावे सहसा वर्णानुक्रमे नसतात, बहुतेक काम करणाऱ्याचे नाव पहिले येते. तेव्हा प्रबंध संपण्यापूर्वी किमान एका निबंधावर तुमचे नाव पहिले असावे आणि त्याचा मूळ प्रश्न तुमचा असावा. पोस्टडॉकच्या अर्जाला सहसा तीन शिफारसपत्रे लागतात. त्यांपैकी एक तरी गाइडव्यतिरिक्त अशा व्यक्तीचे हवे, जिने तुम्हाला फळ्यापाशी चुकताना आणि ती चूक स्वतःच पकडताना पाहिले आहे. त्यासाठी सेमिनारला मागच्या रांगेत न बसता, पहिल्या वर्षापासूनच प्रश्न विचारायला सुरुवात करावी.