पर्लमध्ये पाव सेकंद थांबायचंय? मग साधं स्लीप विसरा

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचं नेहमीचं स्लीप, म्हणजे प्रोग्रॅम थोडा वेळ थांबवणारं फंक्शन, फक्त पूर्ण सेकंद ओळखतं, म्हणजे तुम्ही स्लीप(0.25) लिहिलंत की ते 0.25 चं सरळ 0 करतं आणि प्रोग्रॅम न थांबता पुढे पळतो, एरर नाही काही नाही, त्यामुळे चूक पटकन सापडतच नाही.

उपाय सोपा आहे, टाइम हायरेस (Time::HiRes) मॉड्यूल घ्या. आवृत्ती 5.8 पासून ते पर्लसोबतच येतं. त्यातलं स्लीप इम्पोर्ट केलं की तेच 0.25 नीट चालतं. यूस्लीप वापरलंत तर आकडा मायक्रोसेकंदात द्यायचा, म्हणजे 250000, इथे शून्य मोजून घाला. मॉड्यूल नकोच असेल तर सिलेक्ट या फंक्शनला पहिले तीन आकडे अनडेफ (म्हणजे रिकामे) आणि चौथा 0.25 द्या, जुनी युक्ती आहे पण चालते.

आता खरी गंमत लूपमध्ये. समजा दर 0.1 सेकंदाला रीडिंग घ्यायचंय आणि रीडिंगलाच 3 मिलिसेकंद लागतात, तर नुसतं स्लीप(0.1) टाकल्यावर 1000 फेऱ्यांत तुम्ही 3 सेकंद मागे पडता. म्हणून पुढची वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, दर फेरीला त्यात 0.1 मिळवा आणि त्यातून आत्ताची वेळ वजा करून जे उरेल तेवढंच झोपा, उणे आलं तर झोपूच नका. वेळ मोनोटॉनिक घड्याळाची, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळाची घ्या, सिस्टिमचं घड्याळ मध्येच कोणी पुढेमागे केलं तर सगळं गंडतं.

आणि स्लीप थोडं जास्त झोपणारच, सिस्टिम प्रोसेसरवर परत कधी घेईल ते आपल्या हातात नसतं. अगदीच काटेकोर हवं असेल तर शेवटचे 1-2 मिलिसेकंद रिकामा लूप फिरवत घड्याळ बघत राहा, पण तेवढा वेळ सीपीयू पूर्ण खाल्ला जातो.