घरासाठी सोलर पॅनेल निवडताना या चुका टाळा

आमच्या अकोल्याच्या घरावर सोलर बसलं ते मेअखेरीस. बसवणाऱ्याने भर दुपारी गच्चीवर नेऊन दाखवलं, "बघा काका, सावलीचं नाव नाही." खोटं नव्हतं ते. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीखालीच राहते. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारी बारालाही सावली टाकीच्या उंचीएवढी पडते, आणि सकाळी नऊला दुपटीहून लांब. थंडी आली तशी ती सावली रोज सकाळी आमच्या दोन पॅनेलवर येऊन बसू लागली.

पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे तुकडे, माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक सेल झाकला की त्याच्या ओळीतला प्रवाह अडतो. अडलेल्या ओळीला वळसा देणारा बायपास डायोड असतो म्हणून पॅनेल वाचतं, पण कोपऱ्यावरच्या वहीएवढ्या सावलीनेही पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. शेवटी ती दोन पॅनेल उचलून सावली पोचत नाही तिथे हलवावी लागली, खर्च वेगळा. म्हणून जागा ठरवताना हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळचा विचार करा. टाकी, जिन्याची खोली, शेजारचा मजला, कोकणात असाल तर माड, सगळं मोजा.

दुसरी चूक म्हणजे कार्यक्षमतेचा आकडा बघून भुलणं. "आमचं २२ टक्क्यांचं, त्यांचं २० चंच," असं विक्रेता सांगतो आणि आपल्याला वाटतं, वीज जास्त मिळणार. पण ५४० वॅटचं पॅनेल ५४० वॅटचंच. कार्यक्षमता जास्त म्हणजे तेवढ्याच वॅटला जागा कमी. गच्ची लहान असेल तर जादा पैसे जरूर मोजा. मोठी, मोकळी गच्ची असेल तर तोच पैसा चांगल्या स्ट्रक्चरवर आणि अर्थिंगवर घाला.

विदर्भ-मराठवाड्यात मी आधी वेगळाच आकडा विचारतो: तापमान गुणांक, म्हणजे सेल एक अंशाने तापला की वॅट किती टक्के घटतात. पॅनेलवरचे वॅट मोजतात ते सेलचं तापमान २५ अंश धरून. उन्हाळ्यात गच्चीवर सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात. गुणांक उणे ०.३५ असेल तर ४० अंशांच्या वाढीला १४ टक्के घट, म्हणजे ५४० चे उरले साधारण ४६४ वॅट. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलचा गुणांक उणे ०.३० च्या आसपास असतो, घट १२ टक्क्यांवर येते. हा आकडा डेटाशीटमध्ये छापलेला असतो, मागून घ्या. आणि पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

किती किलोवॅट घ्यायचं, हे शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. महिन्याला ३०० युनिट लागत असतील तर तीन किलोवॅट पुरे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही तीन किलोवॅटला ७८ हजारांवर थांबतं. त्यासाठी डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलची पॅनेल लागतात. पॅनेलचे सिरियल नंबर खरेदीच्या बिलावर लिहून घ्या.

वीज गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं. हा बिघाड नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, मुद्दाम थांबतो. बॅकअप हवा असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचं आधीच ठरवा.

उत्पादन कमी वाटलं तर इन्व्हर्टरच्या ॲपमधला दिवसाचा आलेख बघा. रोज ठरावीक वेळी खड्डा पडत असेल तर सावली. अख्खा आलेखच बसका असेल तर बहुधा धूळ, नाहीतर एखादी जोडणी सुटलेली. ऐन दुपारी इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल तर लाइनचा व्होल्टेज वाढलेला असू शकतो. स्क्रीनवरच्या सूचनेचा फोटो काढून महावितरणकडे तक्रार करा.

पॅनेल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर वायपरने लगेच निपटून घ्या, पांढरे डाग एकदा धरले की घासूनही जात नाहीत.