झिंक प्लेटिंगच्या पाण्यातलं सायनाइड उतरत नव्हतं : माझा अनुभव

साकीनाक्याला आमचा छोटा प्लेटिंगचा गाळा. झिंकचा (जस्ताचा) मुलामा दिलेले भाग धुतलेल्या पाण्यात विषारी सायनाइड ८० मिलीग्रॅम प्रतिलिटर, पाणी सोडायची मर्यादा ०.२. सायनाइड तोडायला हायड्रोजन पेरॉक्साइड ओतूनही रिपोर्ट २०च्या खाली येईना. गंमत म्हणजे शेजारच्या तांब्याच्या टाकीचं पाणी त्याच डोसात साफ व्हायचं.

डोस दुप्पट केला, रात्रभर ठेवलं, नुसता फेस. हायपोक्लोराइटने डोळे झोंबले, तेही सोडलं. महिनाभर डोक्याला ताप.

मग ट्यूब पेटली: तांबंच उत्प्रेरक, म्हणजे पेरॉक्साइडचं काम वेगाने घडवणारं! झिंकच्या पाण्यात ते नव्हतंच.

आता १००० लिटरला असं करतो. आधी कॉस्टिक सोड्याने पीएच १०. तो खाली गेला तर विषारी वायू सुटतो, म्हणून या टाकीजवळ ॲसिडचा कॅन येऊच देत नाही. मग ८० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) बादलीभर पाण्यात विरघळवून ओततो, म्हणजे लिटरला साधारण २० मिलीग्रॅम तांबं. नीट ढवळल्यावरच ५० टक्के पेरॉक्साइड, ३५० मिली, थोडं थोडं करून. हिशेबाने निम्मं पुरतं, पण थोडं वाया जातंच. दोन तास ढवळणं चालू.

सुरुवातीला पाणी रंगहीन दिसतं, कारण तांबं सायनाइडने धरून ठेवलेलं असतं. सायनाइड संपत आलं की ते सुटतं आणि निळसर-हिरवट गुठळ्या दिसू लागतात. तरी लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय पाणी सोडत नाही. पीएच ९ वर गाळ बसवून गाळून घेतो; तांबं त्यातच जातं. तो गाळ घातक कचऱ्यात, गटारात नाही.

शेवटचा रिपोर्ट: ०.१.