परसातल्या कोंबड्या ठेवाव्यात की काढाव्यात? असं ठरवा

खानापूर, बेळगाव, निपाणी भागात आठ-दहा जवारी, म्हणजे गावठी, कोंबड्या पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. पण सांभाळणारी आजी थकलेली असते, मुलगा-सून नोकरीला जातात, निम्मं परसू नव्या खोलीत गेलेलं असतं. त्यात एखाद्या रात्री रानमांजर चार पक्षी मारून जातं आणि घरात विषय निघतो: पुरे आता.

निर्णय घ्या, पण त्याच आठवड्यात नको. आषाढात तर नकोच. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात खुराडं ओलं, कोंबड्या मरगळलेल्या, वासाने जीव नकोसा. तेव्हा कुणीही ‘काढा’च म्हणेल. दिवाळीच्या सुमारास दिवस लहान होतात, कोंबड्या पिसं गाळतात, अंडी कमी येतात. खरा अंदाज माघ-फाल्गुनात येतो.

महिनाभर लिहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची अंडी आणि घातलेलं दाणं लिहा. घरात खाल्लेली अंडीही धरा, कारण ‘काही मिळत नाही’ म्हणणारे नेमकी तीच विसरतात.

जवारी कोंबडी वर्षाला साधारण 60-70 अंडी देते. म्हणजे दहा कोंबड्यांची सरासरी महिन्याला पन्नास-साठ. मोकळ्या फिरून किडे, गवत, सांडलेलं भात वेचणाऱ्या कोंबडीला वरून 50 ग्रॅम मक्याचा भरडा किंवा कणी घातली तरी भागतं. दहा कोंबड्यांना महिन्याला 15 किलो. त्याच कोंबड्या चार भिंतींत कोंडल्या तर प्रत्येकीला 100 ते 120 ग्रॅम लागतं, म्हणजे महिन्याला तीस किलोच्या वर. अंडी मात्र तेवढीच. आपल्या बाजारातला मक्याचा आणि जवारी अंड्याचा भाव घालून बघा. परसू मोकळं असेल तर हिशेब बहुधा जमतो. कोंडलेली जवारी कोंबडी अंड्यांवर परवडणं कठीण.

कोंडूनच पाळायच्या असतील तर जात बदलण्याचा विचार करा. बेंगळूरच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, स्वर्णधारा त्याहून जास्त. गिरिराज अंगाने जड, त्यामुळे कुत्रा-मांजर आलं की तिला चटकन उडता येत नाही. शिवाय जवारी कोंबडी अंड्यांवर बसून पिल्लं काढते. या जातींचा त्यावर भरवसा नाही, पिल्लं विकत आणावी लागतात.

एकेक कोंबडी हातात घ्या

सगळ्या ठेवायच्या किंवा सगळ्या काढायच्या, असं काही नसतं. अंधार पडल्यावर कोंबड्या काठीवर बसल्या की सहज हाती येतात. शेपटीखाली, अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन हाडांची टोकं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली, तुरा लाल-टवटवीत असला, तर ती अंडी देतेय. एकच बोट मावलं आणि तुरा फिकट, आखडलेला दिसला तर सध्या बंद. खुडूक (अंडी उबवायला) बसलेली, पिसं गाळणारी आणि अजून अंड्यावर न आलेली तलंग या परीक्षेत नापास होतात, त्यांना ही परीक्षा लावू नका. बाकी, तीन वर्षांपुढची कोंबडी अंड्यांसाठी ठेवण्यात अर्थ नसतो. आजीचा तिच्यावर जीव असेल तर गोष्ट वेगळी. तो खर्च अंड्यांच्या हिशेबात धरू नका, एवढंच.

कोंबडा हवाच असंही नाही. पिल्लं काढायची नसतील तर त्याच्यावाचून अंडी येतातच. बेळगावातल्या अनगोळ-वडगावसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांशी बिनसण्याचं कारण बहुतेकदा पहाटेचं आरवणं असतं. कोंबडा गेला की निम्मी तक्रार मिटते.

लस जमणार आहे का?

मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ, शिरली तर लस न दिलेलं अख्खं खुराडं आठवड्यात रिकामं होऊ शकतं. पिल्लू आठवड्याचं होईपर्यंत लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली लसीचं इंजेक्शन, एवढं तरी हवं. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी हे कुणी करत नाही. गल्लीतली पाच-सहा घरं एकत्र आली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एकाच दिवशी सगळ्यांचं उरकतं. असे सोबती मिळत नसतील, तर माझ्या मते ते काढण्याच्या बाजूचं मोठं कारण आहे.

संध्याकाळचं दार

पैशापेक्षा हाच प्रश्न मोठा. रोज दिवेलागणीला कोंबड्या मोजून खुराड्याचं दार लावणारं माणूस घरात कोण आहे? ‘आम्ही सगळे बघतो’ हे उत्तर चालत नाही, एक नाव सांगा. ते माणूस गावाला गेलं तर दुसरं कोण, तेही. नाव निघत नसेल तर बाकीचा हिशेब कितीही जमो, पुढची पाळी रानमांजराची. नाव निघालं, पण उत्साह बेताचा असेल, तर चार चांगल्या कोंबड्या ठेवा. चौघांच्या घराला तेवढी अंडी पुरतात आणि उरलंसुरलं अन्नही खपतं.

काढायच्याच ठरल्या तर

श्रावणात विकू नका, गिऱ्हाईक पडतं. गटारीच्या आधी किंवा गावच्या यात्रेच्या तोंडावर भाव बरा मिळतो, कोंबड्याला तर हमखास. अंड्यावरची तलंग कापायला देण्याऐवजी पाळणाऱ्याला द्या. मात्र कोंबड्या पटापट मरायला लागल्या असतील तर विकू नका, कापू नका, मेलेल्यांना उघड्या हातांनी शिवू नका; आधी दवाखान्यात कळवा. रोगाने खुराडं रिकामं झालं असेल, तर खरवडून, चुना मारून निदान महिनाभर मोकळं ठेवा, मगच नवी पिल्लं आणा. खाली साचलेलं खत ताजं असताना झाडाला घालू नका, मुळं जळतात. पाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवून मग वापरा.