रोध आणि वॉट काढताना या चुका टाळा

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॉट. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. घोळ होतो तो त्यात घातलेल्या आकड्यांचा.

सर्वांत वैताग आणणारी चूक म्हणजे सप्लायचं व्होल्टेज उचलून थेट सूत्रात टाकणं. नेहमीचा प्रसंग घ्या. हीटर १२ व्होल्टचा, ४८ वॉटचा. म्हणजे करंट ४ अँपिअर आणि रोध ३ ओहम हवा. मल्टिमीटर दाखवतो ३.५३ अँपिअर. घाईतला माणूस १२ ला ३.५३ ने भागतो, ३.४ ओहम येतात आणि हीटर बाद ठरतो. नवा बसवला तरी पुन्हा ३.५३. मग संशय मीटरवर! हीटरच्या दोन टोकांना मीटरचे प्रोब (टोकदार पिना) लावले असते तर दहा सेकंदांत कळलं असतं की तिथे १०.६ व्होल्टच पोचतायत. १०.६ भागिले ३.५३ म्हणजे ३ ओहम. हीटर ठणठणीत. मात्र मिळतायत ३७ वॉट, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात.

उरलेले १.४ व्होल्ट वाटेत मुरले. लोड, म्हणजे इथे हीटर, चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घेऊन वाटेतल्या प्रत्येक तुकड्याची दोन टोकं तपासा. जाणाऱ्या वायरवर ०.३, परतीच्या वायरवर ०.३ आणि एका लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) चक्क ०.८ सापडतात. त्या नखाएवढ्या लगमध्ये जवळपास २.८ वॉट उष्णता होतेय. हात लावायच्या आधी सप्लाय बंद करा. लग कापून नवीन क्रिम्प करायचा, म्हणजे अवजाराने दाबून घट्ट बसवायचा. तारा पिळून वर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या बिघाडाची तयारी आहे. नव्या लगनंतर करंट ३.७८ च्या आसपास येईल. पूर्ण ४ हवा असेल तर वायर जाड घ्या.

एलईडीचा रेझिस्टर काढतानाही हीच गफलत होते. १२ व्होल्टमधून एलईडीचे २ वजा करा. उरलेल्या १० ला ०.०२ अँपिअरने भागा, ५०० ओहम. बाजारात ५६० चा मिळतो, तो चालतो. त्यात ०.१८ वॉट जिरतात, म्हणून पाव वॉटचा तापतो. सरळ अर्ध्या वॉटचा लावावा.

आणि हो, २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२. वीसने भागून अर्धा ओहम काढणारे कमी नाहीत. उत्तराकडे एकदा बघून ते शक्य आहे का, एवढं तरी विचारावं.

फिलामेंटचा बल्ब थंड असताना ओहमवर मोजू नका. २३० व्होल्ट, १०० वॉटच्या बल्बचा जळतानाचा रोध ५२९ ओहम. थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिसतो. त्यावरून वॉट काढले तर हजाराच्या वर जातात.

एसीवर मोटर असेल तर नुसत्या गुणाकाराने व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॉटसाठी त्याला पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष वॉटचा हिस्सा किती, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणा.

एक ओहमच्या आतलं मोजताना आधी प्रोब एकमेकांना टेकवा आणि दिसेल तो आकडा वजा करा.

करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमधून लगेच काढा, डायल फिरवण्याआधी. तो तिथेच ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे बॅटरी मीटरमधून शॉर्ट करणं. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो.